गान्शीच्या पायाखाली

आम्यान: मागच्या दाराने का येताय? आपलंच घर आहे ना हे? पुढच्या अंगणात सगळं गाव तुमची वाट बघतंय. लोकांनी फटाके आणलेत. आणि तुम्ही दोघं असे कुंपण ओलांडून, चोरासारखे.

देशान: हळू बोल जरा. आधी चुलीत लाकूड सार. पोरगी धुक्यात भिजलीय.

आम्यान: पोरीचं मी बघते. ये रोंग, चुलीपाशी बस. हा टॉवेल घे, केस पूस. एवढे महिने माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचा आंबट रस्सा खाऊन या डोंगराची जमीन तपासलीस, आता पाहुणीसारखी दारात उभी राहू नकोस. आणि तुम्ही, गावप्रमुख, तोंड उघडा. धरण झालं ना मंजूर?

देशान: नाही.

आम्यान: बरं. म्हणजे पुढच्या बैठकीत होईल.

देशान: पुढच्या बैठकीतही नाही, आम्यान. धरण होणारच नाही. मीच उभा राहून सांगितलं त्यांना, बांधू नका म्हणून.

आम्यान: रोंग, यांना तालुक्यात दारू कुणी पाजली?

रोंग: प्यायलेले नाहीत ते, काकू. खरं सांगताहेत. माझ्या अहवालातही तेच आहे. मालखोऱ्यात धरण होण्याजोगं नाही.

आम्यान: थांबा. मला नीट कळू दे. इथे पाऊस पडतो आणि आमची ही जमीन तो गिळून टाकते. बादली भरायला अख्खा डोंगर उतरून लुंगथानच्या झऱ्यावर जावं लागतं. मी नवी नवरी होते तेव्हा या माणसाने मला सांगितलं होतं, तुझ्या खांद्यावरची कावड मी उतरवीन. तेव्हापासून अर्ज, खेटे, साहेबांच्या फाटकाबाहेर बसणं. शेवटी सरकारने तुला पाठवलं, धरण होईल का बघायला. आणि आता ज्याने जन्मभर धरण मागितलं तोच म्हणतो, नको. खांदा माझा गेला. तुमचं काय गेलं?

देशान: म्हणूनच मागच्या दाराने आलो. आधी तुला सांगायचं होतं. गावाला नंतर.

आम्यान: मग सांगा. पण भाषण नको. झालं तसं सांगा.

देशान: रोंग, तूच सुरू कर. मी सुरुवात केली तर ही मध्येच उठून जाईल.

रोंग: काकू, मला विचारलं होतं ते एवढंच, की खोऱ्याच्या तोंडाशी भिंत घातली तर मागे पाणी थांबेल का. पाऊस किती, खडक कसा, खर्च काय, कुणाची शेतं बुडतील. पाऊस पुरेसा निघाला. भिंतीची जागाही चांगली होती. तिथे भोकं पाडली तर खडक अखंड लागला. मला आनंद झाला. तुमच्याबरोबर एकदा मी कावड घेऊन झऱ्यावर आले होते ना, तेव्हापासून मलाही धरण हवं होतं.

आम्यान: अर्ध्या वाटेत बादली सांडलीस, आणि रडलीस.

रोंग: हो. मग आम्ही यंत्र खोऱ्याच्या मधोमध नेलं, जिथे तळं झालं असतं तिथे. भोक पाडता पाडता लोखंडी दांडा एकदम खाली गेला. कुणी हातातून सोडून द्यावा तसा. यंत्रावरचे लोक मागे सरले. भोकात पाणी ओतलं तर ते परत वर येईना. आणि थोड्या वेळाने भोकातून वारा यायला लागला.

आम्यान: जमिनीतून वारा?

रोंग: गार, ओलसर वारा. भोकावर कागद धरला तर फडफडायचा. मी गुडघ्यांवर बसून कान लावला. आत काहीतरी होतं. आवाज म्हणता येणार नाही इतका लांबचा आवाज.

देशान: आणि मी म्हटलं, यंत्र मोडकं आहे.

आम्यान: यंत्रावरच थांबला नव्हतात तुम्ही. याच चुलीपाशी बसून हिला म्हणालात, खालच्या गावांनी तुला फितवलंय. पोरगी जेवण टाकून उठली होती.

देशान: म्हणालो. मला वाटलं, शहरातून आलेली, वय ते केवढं, हिला काय पडलंय. दोन भोकं पाडायची आणि नाही लिहून निघून जायचं.

रोंग: काका चिडले त्याचं मला वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते आमच्या साहेबांचं. मी फोनवर पोकळीचं सांगितलं तर म्हणाले, सिमेंट भरलं की होईल असं लिही, सगळीकडे तसंच लिहितात. मी विचारलं, किती सिमेंट? ते म्हणाले, तो आकडा नंतर बघू. मला ते पटेना. खाली पोकळी खोलीएवढी आहे की डोंगराएवढी, हे माहीत नसताना सिमेंट कुठल्या तोंडाने लिहायचं? म्हणून दोरांवरून उतरणारी माणसं बोलावली.

आम्यान: ती पाकोळ्यांच्या भगदाडापाशी तंबू ठोकून राहिलेली माणसं? मला वाटलं, ती पाकोळ्यांचीच माणसं आहेत. फोटोबिटो काढणारी.

देशान: आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटलं. त्या भगदाडात आपण मेलेलं जनावर टाकत आलो. माझे वडील म्हणायचे, त्याला तळ नाही. कुणी बघायला गेलं नाही.

रोंग: तळ आहे. मी दोराला लटकून उतरले तेव्हा वरचं तोंड नाण्याएवढं झालं, आणि पाकोळ्या माझ्याखाली उडत होत्या. पक्षी आपल्याखाली उडताना मी पहिल्यांदाच पाहिले. तळाशी हाडं होती, माती होती, आणि बाजूला एक फट. त्या फटीतून तोच वारा येत होता. आम्ही आडवे होऊन आत गेलो. बराच वेळ पोटावर सरकत होतो. मग पुढच्या माणसाचे पाय दिसेनासे झाले. तो उभा राहिला होता. मीही बाहेर आले, उभी राहिले, दिवा वर केला, आणि वर काहीच नव्हतं.

आम्यान: म्हणजे?

रोंग: छत दिसत नव्हतं, काकू. समोरची भिंतही नाही. दिव्याचा उजेड जायचा आणि परतच यायचा नाही. मी आधी पुष्कळ गुहा पाहिल्यात. त्या दिवशी मात्र मी मोजायचंच विसरले. आणि खाली, पायांच्या पुढे, ती वाहत होती.

आम्यान: कोण?

देशान: नदी.

आम्यान: कुठली नदी?

देशान: आपली. गान्शीची. आपल्या गावाखाली नदी आहे, आम्यान.

आम्यान: त्या दिवशी तू घरी आलीस ती हातपाय न धुता झोपलीस. मला वाटलं ताप आलाय. कपाळाला हात लावून बघितलं मी. तेव्हा का नाही सांगितलंस?

रोंग: काय सांगणार होते? तुमच्या पायाखाली पाणी आहे, पण ते तुमचं होईल की नाही मला माहीत नाही, असं? आणि तीच नदी सांगत होती की वर तळं होणार नाही. मला आधी खात्री करायची होती. मग काकांनी विचारलं, आणि मी त्यांना सांगितलं.

देशान: मी म्हटलं, दाखव. तोंडाने कुणीही नदी सांगेल. डोळ्यांनी दाखव.

आम्यान: कधी गेला होतात तुम्ही?

देशान: डुकराची पिल्लं बघायला बाजारात गेलो होतो ना, त्या दिवशी.

आम्यान: आणि हात हलवत परत आलात. म्हणालात, पिल्लं रोगट होती.

देशान: तुला सांगितलं असतं तर तू दोराला लटकू दिलं असतंस?

आम्यान: मी दोर कापला असता. या वयात. पुढे सांगा.

देशान: उजाडताना हिने मला खोऱ्यात नेलं. आपला ओढा जिथे दगडांत जिरतो ना, तिथे. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, ओढा चांगला भरून येत होता. हिने माझ्या हातात एक बरणी दिली. म्हणाली, काका, तुमच्या हाताने ओता, म्हणजे नंतर मी फसवलं असं वाटणार नाही. तांबडी भुकटी होती. पाण्यात पडली आणि सगळा ओढा हिरवा झाला. असा हिरवा की डोळ्यांना झोंबावा. भाताचं रोप नाही, शेवाळ नाही, कशातच तो हिरवा नाही. बघता बघता सगळं पाणी दगडांत शिरलं आणि तिथे नुसते ओले दगड राहिले.

रोंग: त्या रंगाने कुणाला अपाय होत नाही, काकू. खालच्या गावांना आधी सांगून ठेवलं होतं.

देशान: मग आम्ही भगदाडावर गेलो. मला पट्ट्यांत बांधलं, झोळीत मूल बांधतात तसं, आणि सोडलं खाली. मी डोळे मिटून घेतले. गावात कुणाला सांगू नकोस. तळाला पाय टेकले तेव्हा माझी दातखीळ बसली होती. मग ती फट. हिच्या पाठोपाठ पोटावर सरकत होतो आणि मनात म्हणत होतो, देशान, तुला मरायला दुसरी जागा मिळाली नाही. आणि मग मला ऐकू आलं.

आम्यान: पाणी?

देशान: आधी पाणी वाटलंच नाही. छातीतच ऐकू यायला लागलं. कानांत नंतर आलं. मोठ्या ढोलाला कान लावून बसावं तसं. मी हिला विचारलं, वर गाडी चाललीय का? ही म्हणाली, वर आता काही नाही, काका. फक्त डोंगर आहे.

आम्यान: आणि दिसलं काय?

देशान: काय सांगू? तू शहराचं स्टेशन बघितलंयस. तसली चार स्टेशनं एकावर एक ठेव. नाही, तसंही नाही. मला उपमा देता येत नाही. आम्ही उभे होतो तिथून नदीपर्यंत उतरायला वेळ लागला, एवढी ती जागा. दगडाचे खांब, आपल्या धान्याच्या कोठारापेक्षा जाड, खालून उठलेले आणि वर कुठे जातात ते दिसत नाही. सगळं ओलं, सगळं चकाकतंय. आणि कुणासाठी? तिथे कधी कुणी गेलं नाही, जाणार नाही. देवळालासुद्धा कुणी एवढं काम करत नाही. आणि मधून नदी चाललीय. आपल्या गल्लीसारख्या चार गल्ल्यांएवढी रुंद, काळी, वेगात. तिच्यात मासे होते, पांढरे. त्यांना डोळेच नव्हते.

आम्यान: डोळेच नाहीत?

रोंग: डोळ्यांच्या जागी नुसतं कातडं. तिथे बघण्यासारखं काही नाही ना. अंधारातच जन्मतात.

आम्यान: धरून आणले नाहीत ना तुम्ही?

देशान: हात लावायची हिंमत झाली नाही. आम्ही काठावर बसलो. ही म्हणाली, आता वाट बघायची. मी म्हटलं, कशाची? म्हणाली, तुम्ही सकाळी काय ओतलं ते आठवा. आम्ही बसून राहिलो. तू बांधून दिलेली भाकरी खाल्ली. मक्याची. तिथे मक्याचा वास आला तेव्हा मला एकदम रडू येईल असं वाटलं, का ते सांगता येत नाही. वर आपण राहतो, भांडतो, खातो, आणि हे खाली. एकमेकांना पत्ता नाही.

रोंग: काका उरलेली भाकरी हातात धरून नुसते पाण्याकडे बघत होते. मला काळजी वाटली.

देशान: आणि मग ती हिरवी झाली.

आम्यान: नदी?

देशान: आधी एका काठाने एक धागा आला. मला वाटलं, दिव्यामुळे भास होतोय. धाग्याचा पट्टा झाला. आणि मग सगळी नदी. त्या काळोखात, दिव्यांच्या उजेडात, ती हिरवी नदी आतून पेटल्यासारखी माझ्यासमोरून जात होती. मी ओतलेलं पाणी, आम्यान. माझ्या हाताने. जिथे मी तळं मागत होतो तिथलं पाणी, आणि ते तिथे थांबणारच नव्हतं. ते कायम इकडेच येत होतं. माझ्या आजाच्या आजाच्या आधीपासून इकडेच येत होतं.

आम्यान: तुम्ही काय केलंत?

देशान: काही नाही.

रोंग: काका उठले, टोपी काढली, आणि नदीला नमस्कार केला.

आम्यान: या माणसाने? माझ्या वडिलांपुढे वाकताना यांची कंबर दुखायची.

देशान: तिथे दुसरं काय करणार माणूस?

आम्यान: बरं, नमस्कार केलात. पण धरण का नको, ते अजून कळलं नाही. थोडं पाणी गळलं असतं, थोडं राहिलं असतं.

देशान: ते मला वर बघितल्यावर कळलं. म्हणजे हिने वर दाखवल्यावर. हिच्या माणसांनी मोठा दिवा आणला होता. तो लावला आणि छत दिसलं. एवढं उंच की उजेड पिवळा होऊन पोचत होता. मधे एक मोठा खड्डा होता छतात, आणि त्याच्या बरोबर खाली एक दगड पडला होता. दगड म्हणतोय मी. आपलं घर, गोठा आणि अंगण मिळून होईल तेवढा. कधीतरी तुटून पडलेला. मी विचारलं, याच्या वर काय आहे? ही म्हणाली, मालखोरं. तुमच्या मक्याची शेतं.

रोंग: आणि धरण झालं असतं तर तळं. खोरंभर पाण्याचं ओझं त्या छतावर.

देशान: मी डोळ्यांसमोर आणलं. पाणी साठतंय, गाव नाचतंय, साहेब फीत कापताहेत. आणि एका पावसाळ्यात ते छत फुटतं. सगळं तळं एका घोटात खाली. आणि ती नदी जाते कुठे? मी हिला विचारलं. ही म्हणाली, लुंगथानच्या झऱ्यावर बाहेर पडते.

आम्यान: लुंगथान.

देशान: हो.

आम्यान: आपली आशिन.

देशान: आपली लेक, तिचा नवरा, तिची पोरं. त्यांचं घर झऱ्याच्या अगदी खालच्या अंगाला आहे. मी धरण मागत होतो तेव्हा मला माहीत नव्हतं मी काय मागतोय.

आम्यान: रोंग, हे खरंच होईल असं तुला म्हणायचंय? की यांनी घाबरून रंगवलंय?

रोंग: होईलच असं मी लिहिलेलं नाही, काकू. छत टिकेल असं मला म्हणता येणार नाही, एवढं लिहिलंय. आणि एवढं लिहिलं की धरण बांधता येत नाही. सिमेंटचाही हिशेब मांडला. ती पोकळी भरायची तर एक डोंगर फोडून त्या डोंगराच्या पोटात भरायला हवा.

आम्यान: तुझे साहेब काय म्हणाले?

रोंग: म्हणाले, सही तुझी एकटीची राहील. मी म्हटलं, राहू दे.

आम्यान: नोकरी?

रोंग: अजून आहे.

आम्यान: मला एक सांग. ती नदी भगदाडापासून लुंगथानपर्यंत जाते. मधे कुठून जाते?

रोंग: काकू...

आम्यान: मोजलं असशीलच तू. तू सगळंच मोजतेस.

रोंग: आम्ही आतून जाता येईल तिथवर गेलो आणि नकाशा काढला. मग तो नकाशा वरच्या जमिनीवर ठेवून बघितला. भगदाडापासून बांबूच्या बनाखालून, मग जुन्या वीटभट्टीखालून, मग उतारावरच्या त्या दोन खडकांच्या मधून.

आम्यान: ती तर माझी पाण्याची वाट आहे.

रोंग: हो. जवळजवळ पावलाला पाऊल. वरची वाट लोकांनी खोलगटातून पाडली आणि खोलगट झाला तो खालच्या नदीमुळे. त्यात आश्चर्य नाही खरं तर. पण मी नकाशावर बघितलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली.

देशान: म्हणून मी म्हणत होतो, हिला हे सांगू नकोस.

आम्यान: का नको? माझीच वाट आहे. माझ्या सासूची, तिच्या सासूची. आम्ही बायका उन्हातान्हात रिकाम्या बादल्या घेऊन उतरत होतो, आणि ती खालून आमच्याबरोबर उतरत होती. पोटुशी असताना त्या दोन खडकांपाशी मी टेकायचे. तिथे कायम गार लागायचं. मला वाटायचं सावलीमुळे.

रोंग: तिथे फट आहे. वारा तिथूनही येतो.

आम्यान: ठीक आहे. मला रडवू नका, बाहेर लोक आहेत. तालुक्यात काय झालं ते सांगा.

देशान: लांबलचक टेबल. झाकणाचे चहाचे पेले आणि प्रत्येकापुढे पाण्याची एक एक बाटली. मी ती बाटलीच बघत होतो. हिने अहवाल वाचला. चांगला वाचला, पण लोक ऐकत नव्हते. त्यांनी वरच्यांना धरणाचा शब्द देऊन ठेवला होता. मग हिने पडद्यावर फोटो दाखवले, आणि आम्यान, त्या फोटोंत काहीच नव्हतं. काळं, आणि त्यात चार ठिपके उजेडाचे. एक जण म्हणाला, एवढंच? मला असा संताप आला.

रोंग: अध्यक्षांनी काकांना विचारलं, गावाचं म्हणणं काय. त्यांना वाटलं, काका धरण मागतील आणि माझा अहवाल बाजूला ठेवता येईल.

देशान: मला धरणाचं भाषण तोंडपाठ होतं. झोपेत म्हटलं असतं. मी उभा राहिलो आणि त्यातला एक शब्द आठवेना. मग मी म्हटलं, साहेब, तुम्ही मला ओळखता. तुमच्या फाटकाबाहेर मी इतका बसलोय की तुमचा पहारेकरी मला चहा देतो. हे धरण या खोलीत माझ्याइतकं कुणालाच हवं नव्हतं. आणि मी सांगतो, बांधू नका. मी खाली जाऊन आलोय. तुम्ही ज्याला जमीन म्हणता ते छत आहे. मग मी त्यांना ती हिरवी नदी सांगितली. तुला सांगितली तशीच.

आम्यान: हसले?

देशान: दोघं तिघं हसले. खिडकीपाशी एक म्हातारा बसला होता, प्रांतातून आलेला, जमिनीचा मोठा जाणकार म्हणे. तो हसला नाही. त्याने मला विचारलं, आवाज कुठून येत होता, डावीकडून की उजवीकडून? मी म्हटलं, सगळीकडून. त्याने चष्मा काढला. अध्यक्षांना म्हणाला, हा माणूस खरंच आत जाऊन आलाय. धरणाचा विषय बंद करा. आणि मला नदी बघायला न्या.

रोंग: शेवटी तसंच लिहिलं गेलं. धरण अव्यवहार्य. नदीचा वेगळा अभ्यास करायचा. उन्हाळ्यात किती पाणी राहतं, भोक पाडून पंपाने वर आणता येईल का, आणि आणलं तर लुंगथानचा झरा आटेल का.

आम्यान: पुन्हा अभ्यास.

रोंग: हो, काकू. एक अख्खं वर्ष, सगळे ऋतू बघून. आणि वर्षानंतर मी कदाचित नाही असंही लिहीन. आज मी तुम्हाला पाण्याचा शब्द देऊ शकत नाही.

आम्यान: थोडं खोटं बोलली असतीस तर आजची रात्र तरी बरी गेली असती.

रोंग: माहितेय मला.

आम्यान: नको. बोलली नाहीस ते बरं केलंस. खोटं बोलणारे पुष्कळ जेवून गेलेत या चुलीपाशी. वर्षभर राहणार कुठे?

रोंग: तुम्ही ठेवलंत तर इथेच.

आम्यान: तीच खोली, तोच रस्सा. पाणी मात्र जपून वापरायचं, केस रोज धुवायचे नाहीत.

(बाहेर कुणीतरी गावप्रमुखांना हाक मारतं. अंगणातला गलका वाढतो.)

देशान: जायला हवं. आम्यान, मी त्यांना काय सांगू? तालुक्यात बोललो, इथे जमेल असं वाटत नाही. त्या अंगणात प्रत्येक बाईच्या खांद्यावर तुझ्यासारखाच घट्टा आहे.

आम्यान: म्हणूनच तुम्ही बोलू नका. मी बोलते. आधी सांगेन, धरण होत नाही. मग ते ओरडतील, तुम्हाला शिव्या देतील, त्या तुम्ही गप्प राहून ऐकायच्या. ओरडून दमले की बायकांना त्यांच्या वाटेखालचं सांगेन. पुरुषांना कळेल की नाही माहीत नाही. बायकांना कळेल.

देशान: आणि विश्वास ठेवला नाही तर?

आम्यान: तर उद्या त्या दोन खडकांपाशी नेईन आणि फटीला कान लावायला सांगेन. रोंग, एक विचारू? खाली गेलात तेव्हा तुम्ही दिवे विझवले होते का?

रोंग: एकदा. मुद्दाम. काकांना म्हटलं, बघा तरी खरा अंधार कसा असतो.

आम्यान: आणि ती?

रोंग: तशीच वाहत होती.

आम्यान: कुणी बघायला नसताना.

रोंग: हो.

आम्यान: म्हणजे आत्ताही.

रोंग: आत्ताही, काकू.

आम्यान: चला तर मग बाहेर. आणि जरा हळू पाय टाका.